रंगीत कवच आणि कोरणी : जुन्या नक्षीदार दुनळी बंदुकांच्या जीर्णोद्धाराविषयी

प्रस्तावना

इंग्लंड आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळात घडवलेल्या उंची दुनळी बंदुकांच्या ॲक्शनवर, म्हणजे नळ्या, लाकडी दस्ता आणि चापाची यंत्रणा यांना एकत्र धरणाऱ्या पोलादी सांगाड्यावर, दोन वेगळ्या कारागिरांचे काम एकाच पृष्ठभागावर नांदत असते. एक काम हाताने कोरलेल्या नक्षीचे, ज्यात बारीक वेलबुट्टी, गुलाबाची फुले आणि क्वचित पक्षी किंवा शिकारी कुत्रे असतात. दुसरे काम त्या नक्षीवरून आणि तिच्या रेषांतून पसरलेल्या निळ्या, जांभळ्या, गवती पिवळ्या, तपकिरी आणि करड्या रंगांचे. हे रंग कुंचल्याने लावलेले नसून पोलादाची वरची कातडी कठीण करण्याच्या प्रक्रियेतच उमटलेले असतात. शंभर वर्षांच्या हाताळणीने नक्षीच्या रेषा झिजतात, रंग उडतात, कुठे गंजाचे खड्डे पडतात, आणि अशी बंदूक पुन्हा मूळ रूपात आणावयाची ठरली की कोरणी हातात घेणाऱ्याची पहिली गाठ पडते ती या कठीण कातडीशी. साधी कोरणी तिच्यावरून घसरते किंवा तिचे टोक तुटते. पोलाद मऊ केल्याखेरीज नक्षी मोकळेपणाने खोल करता येत नाही, आणि मऊ केले की उरलेसुरले मूळ रंग आणि मूळ काठिण्य दोन्ही कायमचे जातात. हा पेच आणि त्यातून निघण्याचे मार्ग हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

या पेचाचे मूळ लोखंडाच्या स्वभावात असल्याने प्रथम तो समजून घेणे आवश्यक ठरते. गावचा लोहार कोयता किंवा कुऱ्हाड तापवून तिच्या धारेला पाणी देतो, तेव्हा धार कठीण होते, कारण त्या पोलादात पुरेसा कार्बन असतो. हेच पाणी कमी कार्बनच्या मऊ लोखंडाला दिले तर त्याच्या काठिण्यात विशेष फरक पडत नाही. जुन्या बंदुकांच्या ॲक्शन अशाच मऊ, साधारण ०.१ ते ०.२ टक्के कार्बन असलेल्या पोलादातून घडवल्या जात, आणि त्यामागे पक्का विचार होता. असे पोलाद चिवट असते, काडतुसाच्या स्फोटाचा धक्का ते तडा न जाता सोसते, आणि त्यावर कानस, पटाशी व कोरणी सहज चालते. उणीव एकच होती, ती म्हणजे ते लवकर झिजते. बिजागरीच्या खिळ्यावर नळ्या हजारो वेळा उघडतात व मिटतात, खटक्याचे भाग एकमेकांवर घासतात, त्यामुळे वरचा थर कठीण आणि आतला गाभा चिवट अशी रचना हवी होती. पृष्ठकठिणीकरणाने, म्हणजेच कारखान्यांत ज्याला केस हार्डनिंग म्हणतात त्या प्रक्रियेने, ही रचना साधली.

प्रक्रिया थोडक्यात अशी आहे. कानसून, जुळवून आणि नक्षी कोरून पूर्ण झालेले सुटे भाग एका लोखंडी डब्यात हाडांच्या व लाकडाच्या कोळशाच्या भुकटीत पुरले जातात, डब्याचे झाकण मातीने लिंपले जाते आणि डबा भट्टीत काही तास लाल ठेवला जातो. लोखंडाची अंतर्गत रचना ७२७ अंश सेल्सियसच्या आसपास बदलू लागते. त्याखालच्या रूपात कार्बन जवळजवळ विरघळत नाही, जेमतेम ०.०२ टक्के सामावतो, तर त्यावरच्या ऑस्टेनाइट नावाच्या रूपात तो कितीतरी पटींनी अधिक सामावतो. बंद डब्यातील कोळशापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू हा कार्बन पोलादाच्या पृष्ठभागापर्यंत वाहून नेतो आणि तेथून तो हळूहळू आत झिरपतो. किती आत, हे तापमान आणि वेळ यांवर अवलंबून असते; रंगासाठी केलेल्या कामात हा थर बहुधा मिलिमीटरच्या काही दशांशांपलीकडे जात नाही. त्यानंतर डबा थेट पाण्यावर उलटा केला जातो. कार्बनयुक्त कातडी क्षणात थंड होऊन मार्टेन्साइट या अत्यंत कठीण रूपात गोठते आणि गाभ्यात कार्बन अगदी कमी असल्याने तो चिवटच राहतो. या ग्रंथात जिथे जिथे ‘कवच’ असे म्हटले आहे, तिथे हा पातळ कठीण थर अभिप्रेत आहे.

रंग उमटतात ते याच शेवटच्या क्षणी. हे रंग हाडांतील एखाद्या द्रव्याचे असावेत असा समज कारागिरांत आजही आढळतो, परंतु हाडांचा कोळसा बव्हंशी कॅल्शियम फॉस्फेट असतो, त्यात कार्बनचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते, आणि त्यातून असा निळा किंवा जांभळा रंग पोलादावर बसण्याचे कारण नाही. पोलाद पाण्यात शिरताना पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूशी त्याच्या पृष्ठभागाचा संयोग होऊन ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परावर्तित झालेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग त्यात नाहीसे होतात आणि उरलेले डोळ्यांना दिसतात. पापुद्रा किंचित जाड झाला की पिवळ्याचा तपकिरी, तपकिरीचा जांभळा आणि जांभळ्याचा निळा होतो. म्हणूनच पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणे, काही कारागिरांनी पाण्यात सोरा घालणे, डबा पाण्याच्या अगदी लगत धरून भाग हवेला न लागू देता आत सोडणे, या सर्व बारकाव्यांना महत्त्व येते. अमेरिकी अभियंता ऑस्कर गॅडी यांनी १९९० च्या दशकात ‘डबल गन जर्नल’ या नियतकालिकातील लेखांतून या प्रक्रियेची प्रयोगाधारित मांडणी केली, आणि घराण्यांच्या गुपितांत अडकलेला हा विषय बऱ्याच अंशी उघड्या चर्चेत आला.

पापुद्र्याच्या या स्वरूपातून जीर्णोद्धारकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. स्वच्छ घासलेले पोलाद हवेत तापवले तर सुमारे २२० ते २३० अंशांना ते गवती पिवळे आणि ३०० अंशांच्या आसपास निळे होते, याचा अर्थ रंगीत कवचाचे रंग एवढ्याशा उष्णतेनेही बदलतात. पोलाद मऊ करण्यासाठी मात्र ६५० अंशांच्या वर जावे लागते. रंग राखून कवच मऊ करण्याची कोणतीही युक्ती अस्तित्वात नाही आणि भौतिकशास्त्र पाहता ती असूही शकत नाही. हे वाक्य ग्रंथाच्या आरंभीच ठळकपणे सांगणे भाग आहे, कारण तसे आश्वासन देणारे लोक आजही भेटतात.

कठिणीकरणाची कला बंदुकांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. बाराव्या शतकातील थिओफिलस या ख्रिस्ती संन्याशाने लिहिलेल्या कारागिरीच्या ग्रंथात कानशी कठीण करण्यासाठी जाळलेले बैलाचे शिंग आणि मीठ वापरण्याची रीत दिली आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या जोसेफ मॉक्सनने आपल्या हस्तोद्योगांवरील पुस्तकात गुरांचे शिंग किंवा खूर वाळवून, कुटून, मिठात मिसळून लोखंडाभोवती लिंपण्याची कृती नोंदवली. १७२२ मध्ये फ्रान्सच्या रेओम्यूर याने अशी अनेक मिश्रणे पद्धतशीर तपासून प्रसिद्ध केली, तरी त्यांतला कार्यकारी घटक कार्बन आहे हे स्पष्ट व्हायला त्याच शतकाचे अखेरचे दशक जवळ यावे लागले. म्हणजे बंदूकनिर्मात्यांना कारण ठाऊक होण्यापूर्वी कित्येक पिढ्या कृती ठाऊक होती, आणि कारण न कळता जपलेल्या कृतीत जे होते तेच येथेही झाले: आवश्यक आणि अनावश्यक गोष्टी एकत्र जपल्या गेल्या, आणि प्रत्येक कारखान्याने आपली रीत कुलपात ठेवली.

चकमकीच्या आणि टोपीच्या बंदुकांच्या खटक्यांच्या पट्ट्यांवरही हे रंग दिसतात, परंतु त्यांना खरा वाव मिळाला तो मागून काडतूस भरण्याच्या बंदुका रूढ झाल्यानंतर. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात फ्रेंच लफोशो पद्धतीची मोडून उघडणारी बंदूक इंग्रज कारागिरांनी पाहिली आणि पुढील पंचवीस वर्षांत बंदुकीचा आकारच बदलला. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधील अँसन आणि डीली यांनी बाहेरचा घोडा नसलेली, यंत्रणा ॲक्शनच्या आतच सामावणारी रचना पेटंट केली. तिला बॉक्सलॉक म्हणतात. यंत्रणा दोन्ही बाजूंच्या वेगळ्या पट्ट्यांवर बसवलेली असेल तर ती साइडलॉक. १८८० चे बीझली पेटंट पर्डी यांच्या साइडलॉक बंदुकीचा पाया ठरले. घोडे आत गेल्याने ॲक्शनच्या बाजू मोकळ्या आणि सपाट झाल्या, आणि नक्षी व रंग दोन्हींना एवढी जागा पूर्वी कधीच मिळाली नव्हती. लंडनच्या पर्डी, हॉलंड अँड हॉलंड आणि बॉस, बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स आणि ग्रीनर, तर अमेरिकेत कनेटिकटमधील मेरिडनची पार्कर ब्रदर्स, न्यूयॉर्क राज्यातील एल. सी. स्मिथ, फिलाडेल्फियाची ए. एच. फॉक्स ही या काळातील मोठी नावे होत. पहिल्या महायुद्धाने इंग्लंडमधील कारागिरांची फळी विस्कटली. अमेरिकेत पार्कर १९३४ मध्ये रेमिंग्टनकडे गेली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे या ग्रंथाला अभिप्रेत असलेल्या बहुतेक बंदुका आज शंभरीच्या आसपास किंवा त्यापलीकडे आहेत.

रंगांच्या बाबतीत स्थूलमानाने दोन घराणी मानता येतात. हाडांच्या व लाकडाच्या कोळशाचे घराणे जुने. लंडन, बर्मिंगहॅम आणि पार्कर यांचे काम याच रीतीचे. त्यातील रंग एकमेकांत विरघळत जातात, कडा पुसट असतात आणि एकाच कारखान्याच्या दोन बंदुकांवरही ते सारखे येत नाहीत. दुसरे घराणे वितळलेल्या सायनाइड क्षाराचे, ज्यात भाग काही मिनिटे बुडवून पाण्यात टाकले जातात. हे काम जलद आणि स्वस्त होते, कवच पातळ येई, आणि रंग पट्ट्यापट्ट्यांनी, अधिक चकाकीत उमटत. अमेरिकेतील मध्यम किमतीच्या बंदुकांवर, आणि पुढे इटलीतील गार्दोनेच्या परिसरात तयार होणाऱ्या बंदुकांवर ही रीत रूढ झाली. सायनाइडच्या जीवघेण्या विषारीपणामुळे त्या रीतीची माहिती ग्रंथात केवळ ओळखीपुरती आहे, कृतीसाठी नाही. तिसरा प्रकार घराणे म्हणण्याच्या योग्यतेचा नाही: गॅसच्या ज्योतीने किंवा आम्लांच्या पुसण्याने पोलादावर रंग चढवणे. त्यात कठीण कवच मुळीच तयार होत नाही, ज्योतीने केले असल्यास आधीचे कवचही ठिकठिकाणी कमजोर होते, आणि खरेदीदाराला मात्र सर्व काही मूळचे असल्याचे भासते. तज्ज्ञांच्या नजरेला ही रंगसंगती बहुधा लगेच खटकते, कारण ज्योतीचे रंग पोलादाच्या जाडीनुसार पट्ट्यांत चालतात, पाण्याच्या आघाताने येणारी मोकळीक त्यांत नसते.

नक्षीची घराणी या रंगांपासून वेगळी काढून पाहता येत नाहीत, आणि या विषयावरील पुष्कळ लेखन नेमके तेच करते. इंग्लंडमधील गुलाब आणि बारीक वेलबुट्टीची शैली रंगांखाली टिकावी अशीच घडली. तिच्या रेषा स्वच्छ, पुरेशा खोल आणि एकसारख्या असतात, त्यामुळे रंगांचे डाग त्यांच्यावरून गेले तरी आकृती वाचता येते. लंडनच्या हॅरी केल यांच्या आणि त्यांच्याकडे शिकलेल्या केन हंट यांच्या हातच्या कामात या समतोलाची जाण स्पष्ट दिसते. जर्मनीतील सूल आणि ऑस्ट्रियातील फेर्लाख येथे उठावदार, खोल कोरलेली हरणे व ओकची पाने आवडीची झाली, आणि तिथे पोलाद पुष्कळदा करड्या रंगातच ठेवले गेले. इटलीतील बुलिनो शैली अगदी उथळ ठिपक्यांतून आणि रेषांतून छायाचित्रासारखे चित्र उभे करते. अशा चित्रावर रंगीत कवच चढवले तर चित्र हरवते, म्हणून त्या बंदुकांवर कठिणीकरणानंतर रंग घासून काढून चंदेरी पृष्ठभाग ठेवण्याचा प्रघात पडला. जीर्णोद्धारकाने एखाद्या बंदुकीवर रंग असावेत की नसावेत हे ठरवताना आधी नक्षी वाचावी, हे सूत्र येथून निघते.

या सर्व पार्श्वभूमीवर मऊ करण्याची, म्हणजे अनुशीतनाची, चर्चा अर्थपूर्ण होते. कारखान्यांत ज्याला ॲनीलिंग म्हणतात ते हेच: पोलाद तापवून इतके सावकाश थंड करणे की मार्टेन्साइटची रचना मोडून मऊ रचना तयार व्हावी. त्याच्या दोन मुख्य रीती आहेत आणि त्यांतला फरक वाचकाने नीट ध्यानात घ्यावा अशी अपेक्षा आहे. पूर्ण अनुशीतनात भाग ७२७ अंशांच्या बराच वर नेऊन भट्टीतच रात्रभर थंड होऊ दिला जातो. पोलाद अगदी मऊ होते, परंतु त्याची रचना जाताना एकदा आणि येताना एकदा अशी दोनदा बदलते, आणि प्रत्येक बदलात आकार किंचित हलतो. शिवाय कवचातील कार्बन या काळात आणखी आत झिरपतो, पृष्ठभागावरील त्याचे प्रमाण घटते आणि थर जाड होतो. पुढे पुन्हा कठिणीकरण केले की त्यात नव्या कार्बनची भर पडते. ॲक्शनच्या जाड भागात याने फारसे बिघडत नाही, पण शेपटीसारखी पातळ पट्टी, खिळ्यांच्या भोकांभोवतीच्या कडा, चापरक्षकाचे टोक अशा ठिकाणी कवचच आरपार पोहोचते, चिवट गाभा उरत नाही आणि भाग काचेसारखा ठिसूळ होतो. एकाच बंदुकीवर दोन-तीन वेळा असे काम झाले असेल तर हा धोका कागदावरचा राहत नाही.

दुसरी रीत ७२७ अंशांच्या खालीच, साधारण ६५० ते ७०० अंशांत, पुरेसा वेळ ठेवण्याची आहे. येथे पोलादाची मूळ रचना बदलत नाही, केवळ मार्टेन्साइटमधील अडकलेला कार्बन बारीक कणांच्या रूपात वेगळा होतो आणि कोरणी चालण्याइतका मऊपणा येतो. वेडेवाकडेपणा पुष्कळ कमी होतो, कार्बनचे आत झिरपणेही नगण्य राहते. प्रस्तुत ग्रंथाचा कल स्पष्टपणे या रीतीकडे आहे. पूर्ण अनुशीतनाची गरज फक्त तिथेच भासते, जिथे गंजाचे खड्डे भरण्यासाठी किंवा तुटलेला भाग जोडण्यासाठी आधी वेल्डिंग करावे लागले आहे. दोन्ही रीतींत भाग उघड्या हवेत तापवणे हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे, कारण लाल पोलादावर जमणारी ऑक्साइडची पपडी नक्षीच्या सर्वांत बारीक रेषा खाऊन टाकते आणि पृष्ठभागातील कार्बनही जाळते. भाग बंद डब्यात, आधी एकदा वापरून कस गेलेल्या कोळशात पुरला की हवेपासून संरक्षण मिळते आणि नवा कार्बनही फारसा चढत नाही.

उष्णता देण्यापूर्वी बंदूक पूर्ण मोकळी करावी लागते हे सांगणे अनावश्यक वाटेल, परंतु बिघडलेल्या कामांचा मोठा वाटा इथेच सापडतो. स्प्रिंगा सुमारे ३०० अंशांना पाणी उतरवून लवचीक केलेल्या असतात आणि भट्टीत त्या निकामी होतात. नळ्यांमधील पट्ट्या कथील-शिशाच्या मऊ डाकाने जोडलेल्या असतात, जो २०० अंशांच्या आसपासच वितळतो. सोन्याचे जडावकाम मात्र टिकते, कारण सोने १०६४ अंशांना वितळते, तरी पोलादाच्या आणि सोन्याच्या प्रसरणातील फरकाने ते सैल झाले नाही ना हे तपासावे लागते. पुन्हा कठिणीकरण करताना ॲक्शनच्या मोकळ्या जागांत पोलादी ठोकळे आणि पट्ट्या घट्ट बसवून पाण्याच्या आघाताने ती वाकू नये अशी व्यवस्था केली जाते. मूळ कारागिराने नळ्या आणि ॲक्शन यांचा मेळ दिव्याच्या काजळीने तपासत, काजळी जिथे पुसली जाईल तेवढाच धातू कानसून साधलेला असतो. तो मेळ केसभर बिघडला तरी बंदूक कसून मिटत नाही, नळ्यांच्या मागच्या तोंडाशी फट राहते, आणि पुढचे सर्व काम व्यर्थ होते.

मऊ न करताही काम होते का, हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा वेगळ्या रीतीने विचारता येतो. टंगस्टन कार्बाइडच्या कोरण्या आणि हवेच्या दाबाने चालणारी, हाताचा जोर न लागता अतिशय लहान ठोके देणारी हत्यारे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आल्यापासून पातळ कवचातून रेषा ताज्या करणे काही प्रमाणात शक्य झाले आहे. टोके वरचेवर तुटतात, वेळ फार लागतो, आणि मोठे क्षेत्र पुन्हा कोरणे अवघडच राहते. तरीही जिथे रंगांचा मोठा भाग शिल्लक आहे आणि झीज मोजक्या रेषांची आहे, तिथे भट्टीऐवजी हा मार्ग घ्यावा, हे मत ग्रंथात ठामपणे मांडले आहे. मूळ रंगांचा अंदाज घेण्यासाठी जीर्णोद्धारक नळ्या उघडण्याच्या कळीखाली, चापरक्षकाच्या आतल्या बाजूला, काडतुसांच्या मागील गोलाव्याच्या खाचांत आणि नळ्यांनी झाकलेल्या सपाटीवर पाहतो, कारण हात, घाम आणि प्रकाश तिथे क्वचितच पोहोचतात. या जागी सापडणारे रंग ही त्या कारखान्याने मागे ठेवलेली एकमेव साक्ष असते आणि अनुशीतनाने ती साक्ष पुसली जाते. म्हणून भट्टी पेटवण्यापूर्वी या जागांची चांगल्या प्रकाशातील छायाचित्रे घेणे ही सौजन्याची बाब नसून कर्तव्य आहे.

नव्याने कठीण केलेल्या ॲक्शनचे रंग प्रथम फार प्रखर असतात, आणि झिजलेल्या नळ्या व काळवंडलेला अक्रोडी दस्ता यांच्या शेजारी ते डोळ्यांना खुपतात. हा प्रखरपणा उतरवण्यासाठी अतिसूक्ष्म घासणी, सौम्य आम्ल किंवा केवळ मऊ कापड व तेल यांचा वापर होतो. पापुद्रा इतका पातळ असतो की थोडा जास्त दाब पडला तर निळा रंग जाऊन पोलाद उघडे पडते, आणि नंतर त्यावर उपाय नसतो. बंदुकीला एकसंध रूप यावे म्हणून रंग किंचित शांत करणे योग्यच आहे. परंतु हाताच्या झिजेची नेमकी नक्कल करून जीर्णोद्धार झाल्याचे लपवणे वेगळे, आणि ती सीमा कुठे आहे याबद्दल ग्रंथात तडजोड केलेली नाही.

येथून जीर्णोद्धारकांमधील जुना वाद सुरू होतो. एक पक्ष संग्रहालयांच्या संवर्धनशास्त्राकडून आला असून उलट फिरवता येणार नाही असे काहीही करू नये, गंज थांबवावा आणि बाकी सर्व जसे आहे तसे ठेवावे, असे मानतो. दुसरा पक्ष बंदूक कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी दिसावी यासाठी झटतो, आणि अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरच्या तृतीयांशात हाडांच्या कोळशाच्या रीतीचे जे पुनरुज्जीवन झाले ते मुख्यतः या पक्षामुळे, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. बंदूक वापरणारा तिसरा पक्ष या दोघांच्या मध्ये उभा असतो: त्याच्या हातातील ॲक्शन पूर्वीच कोणीतरी ज्योतीने मऊ केलेली, बिजागरी झिजलेली आणि नक्षी घासून सपाट झालेली असते, तिथे जपण्यासारखे कवचच उरलेले नसते. अशा बंदुकीला पुन्हा योग्य कठीण कवच देणे हे तिला सुरक्षित करणेच होय. उलट, मऊ करून नक्षी ताजी केली आणि रंगाचा नुसता आभास देऊन बंदूक परत दिली, तर तिचा मालक मऊ ॲक्शन घेऊन काडतूस भरतो. मऊ केलेल्या प्रत्येक ॲक्शनला पुन्हा कवच देणे जीर्णोद्धारकावर बंधनकारक आहे, आणि या ग्रंथातील अन्य सर्व मते चर्चेसाठी खुली असली तरी हे मत नाही. इंग्लंडमध्ये लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. तेथे जास्त दाबाचे काडतूस उडवून बंदुकीची परीक्षा घेतली जाते आणि उत्तीर्ण झाल्यावर शिक्का उमटवला जातो. ॲक्शनला पुन्हा उष्णता दिल्यानंतर अशी परीक्षा पुन्हा घेणे शहाणपणाचे. झिजलेले शिक्के मात्र कोरणीने ‘ताजे’ करणे हा शिक्क्यांची नक्कल करण्याचाच प्रकार ठरतो, त्यांना हात लावू नये.

हा विषय आजच निकडीचा होण्याची कारणे अनेक आहेत. या बंदुकांची किंमत मूळ रंग किती टक्के शिल्लक आहेत यावर मोठ्या प्रमाणात ठरू लागल्यापासून बनावट रंगांना बाजार मिळाला. जुन्या रीतीने शिकलेली पिढी मावळली आहे. नव्या बंदुकांची पोलादे वेगळी आहेत, आणि ०.४ टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेल्या आधुनिक मिश्रपोलादाला जुन्या रीतीने पाण्यात विझवले तर ते आरपार कठीण होऊन तडकू शकते; केवळ नव्या पोलादावर हात बसलेल्या कारागिराकडे जुनी ॲक्शन गेली तरी चूक होते आणि उलट झाले तरीही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक कारण आहे. ब्रिटिश काळात संस्थानिक, सरदार, वरिष्ठ अधिकारी आणि मोठे जमीनदार यांच्याकडे इंग्लंडहून बंदुका येत. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर संपली, आणि त्या बंदुका काही घराण्यांच्या परवान्यांवर, तर काही संग्रहालयांत राहिल्या. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात छत्रपती घराण्याची शस्त्रे आणि शिकारीच्या स्मृती जतन केलेल्या आहेत. मुंबई आणि कोकणातील खारी, दमट हवा पोलादाचा मोठा शत्रू आहे, आणि रंग टिकावेत म्हणून दिलेल्या लाखेच्या लेपाला बारीक तडा गेला की गंज त्याखाली कोणाला न दिसता पसरतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही, त्यामुळे येथे दिलेली माहिती परवानाधारक कारागिराशी किंवा संवर्धकाशी जाणतेपणाने बोलता यावे यासाठी आहे, घरच्या भट्टीसाठी नाही.

प्रस्तुत ग्रंथाने स्वतःपुढे ठेवलेले काम यावरून स्पष्ट होईल. धातुशास्त्र, नक्षी आणि बंदूकनिर्मितीचा इतिहास ही तीन क्षेत्रे मराठीत आजवर वेगवेगळी हाताळली गेली. येथे ती एका निर्णयाभोवती, म्हणजे ॲक्शन मऊ करावी की नाही या प्रश्नाभोवती, एकत्र आणली आहेत. ग्रंथाची मांडणीही त्या निर्णयाच्या क्रमाने आहे: आधी बंदूक वाचणे, मग तिच्यावर पूर्वी काय झाले ते ओळखणे, मग न तापवता काय साधेल ते पाहणे, आणि शेवटी उष्णतेचे काम. तापमाने सर्वत्र सेल्सियसमध्ये दिली आहेत. आकृत्यांत रंगीत छायाचित्रांबरोबर त्याच जागेची कृष्णधवल छायाचित्रेही मुद्दाम दिली आहेत, कारण झिजलेल्या रेषेची खोली तिरप्या प्रकाशातील कृष्णधवल चित्रात रंगांच्या गोंधळाविना मोजता येते. संग्रहालयांतील कर्मचाऱ्यांसाठी परिशिष्टात नोंदीचा एक नमुना जोडला असून त्यात बंदुकीचा क्रमांक, प्रूफचे शिक्के, शिल्लक रंगांच्या जागा, कवचाच्या काठिण्याची मोजणी आणि पूर्वीच्या दुरुस्तीच्या खुणा यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी तो नमुना भरून बंदुकीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा.